घुमटातला कोरा दगड

आये,

परवा घुमटात जाऊन आले. चालत नाही, रिक्षाने. एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला, असं तू म्हणाली असतीस, पण माझे गुडघे आता माझंच ऐकत नाहीत, तुझं काय ऐकणार. तू गेलीस तेव्हा तुझे केस काळेभोर होते, आणि मी आता तुझ्याहून कितीतरी म्हातारी झाले आहे. दोघी शेजारी उभ्या राहिलो तर बघणारा मलाच आई समजेल. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे, तरी पत्रच लिहिते आहे. जन्मभर शाळेत पोरांकडून पत्रलेखन गिरवून घेतलं, मनातलं सांगायची दुसरी रीत या वयात कुठून आणू? मायना मात्र घातलेला नाही. तीर्थरूप वगैरे लिहिलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

घुमटाची दुरुस्ती चालू आहे. पंचायतीने ज्याला काम दिलंय तो आपल्याच गावचा, मुंबईत शिकून आलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून फिरणारा इंजिनिअर. मुलगा गुणी आहे, फक्त म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आवाज उगाच चढवतो. घरी येऊन म्हणाला, "आजी, तुम्हाला एकदा येऊन बघायला लागेल. आतला जुना चुना खरवडला तर खाली नक्षी निघालीय. कुणी काढली ते कुणालाच माहीत नाही." गेले. परातीभर ऊन वरच्या भोकातून खाली फरशीवर पडलं होतं, भोवती बांबूची परांची, आणि मला बसायला त्याने प्लास्टिकची खुर्ची आणवली होती. मान वर केली. घुमटाच्या कडेपासून पार शेंड्यापर्यंत तळव्याएवढाल्या अर्धगोल रेघा, एकीला लागून दुसरी, प्रत्येकीत बोटांचे माग. मला हसू आवरेना. म्हटलं, "नक्षी कसली रे, सारवण आहे ते." त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या मजुराकडे बघितलं. त्याच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ दिसलं. छताला कोण शेण सारवतं? बिचाऱ्याचं काय चुकलं. मी स्वतः तेव्हा तिथे नसते तर मलाही पटलं नसतं.

खुर्चीत बसल्या बसल्या त्याला बरंचसं सांगितलं. आता तुला सांगते, तुला माहीत असलं तरी. तुझ्या बाजूने तू बघितलंस, माझ्या बाजूने मी बघितलं ते थोडं वेगळं आहे.

लढाईच्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावरची माणसं मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून गेली होती. कोळीवाड्यातली गेली, भंडारी आळीतली गेली, मोहल्ल्यातली गेली. कोणी डेकवर, कोणी खाली बॉयलरपाशी आगवाल्याच्या कामाला. बापूसही त्यातच. मी तेव्हा इतकी लहान होते की मला त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो फक्त एक हात, मला मांडीवर घेऊन पेज भरवणारा, आणि तोही खराच आठवतो की तू सांगितलंस म्हणून आठवतो, हे आता मला सांगता येणार नाही. लढाई संपली, मग स्वराज्य आलं, शाळेत आम्हाला साखर वाटली, पण त्या बोटींवरचे पुष्कळसे परत आले नाहीत. त्यांच्या अंगावर ना माती पडली ना लाकडं. पुढे काही वर्षांनी मुंबईत बोटींवर असणाऱ्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून ठरवलं की या माणसांसाठी बंदराच्या वरच्या टेकाडावर काहीतरी बांधायचं. कोणी म्हणालं खांब उभारू, कोणी म्हणालं शाळेला खोली बांधू. शेवटी म्हसळ्याकडच्या एका मिस्त्रीला बोलावलं, आणि त्याने काठीने धुळीत एक अष्टकोन काढला, आठ कमानी दाखवल्या आणि वर बोटाने हवेत घुमट काढला. लगेच वाद. घुमट म्हणजे मशीद वाटेल, असं कोणी म्हणालं. देऊळ वाटेल, असं मोहल्ल्यातलं कोणी म्हणालं. मिस्त्री हातातली काठी टेकवून शांतपणे म्हणाला, "देवळाला घुमट हाय, दर्ग्याला पण हाय. आत कोन बसतो त्यावर समदं ठरतं. इथं कुनीच बसनार न्हाय." त्यावर वाद मिटला. तूही त्या घोळक्यात पाटी कमरेला लावून उभी होतीस.

खरी अडचण लाकडाची. घुमट रचायचा म्हणजे खालून लाकडी साचा हवा, आणि एवढं वाकदार लाकूड घुमटाला घातलं तर होड्या कशाच्या करायच्या? कोळीवाडा काही त्याला तयार होईना. मग मिस्त्रीने त्याच्या वडलांच्या वेळची पद्धत काढली. भिंती आणि कमानी उभ्या राहिल्यावर, कमानींवरचं काळ्या दगडांचं कडं बसवून झाल्यावर, त्याने आठही कमानी सुक्या चिऱ्यांनी बंद केल्या आणि म्हणाला, आता हे घर रेतीनं भरा. दिवाळीपासून सगळा गाव किनाऱ्यावरून रेती वाहत होता. तू सकाळी मासळी विकून आलीस की तीच पाटी धुऊन रेतीला लावायचीस. मी शाळा सुटल्यावर तुझ्याबरोबर. तू म्हणायचीस, "म्हावऱ्यापरीस रेती बरी गो, निदान वास तरी मारत न्हाय." आतलं घर भरलं, भिंतींच्या वर रेतीचा डोंगर चढला, पाणी मारून मारून दाबला. मधोमध एक उंच वासा रोवलेला, त्याला दोरी, आणि दोरीच्या टोकाला धरून मिस्त्री त्या डोंगराभोवती फिरत राहायचा. जिथे दोरी ढिली पडेल तिथे रेती घाला, जिथे अडेल तिथे काढा. असं करत करत एक दिवस डोंगराचा घुमट झाला, नुसत्या ओल्या रेतीचा. पण वर चुना टाकायचा तर रेती निसटायला नको. तेव्हा मिस्त्रीने हाक मारली, "बायांनो, आंगन सारवता तसं सारवून द्या."

आणि तुम्ही बाया वर चढलात. माती आणि शेण कालवलेल्या बादल्या मी खालून देत होते. कासोटा खोचून, रेतीवर गुडघे टेकून, खालून वर, खालून वर, हाताचा तळवा फिरवत निघालात. हसणं काय, एकमेकींना ढकलणं काय. गावातल्या पुरुषांना वर यायची बंदी, कारण म्हणे पायाने सारवण मोडेल. खरं कारण एवढंच की तुम्हाला तिथे कोणी नको होतं. सगळ्यांत वर, वाशाशी, तू पोचलीस. एका हाताने वासा धरलास आणि दुसऱ्याने भोवताल सारवलास. मग काम झालं तरी तू उतरेनास. मी खालून ओरडून विचारलं, आये, काय दिसतंय? तू बराच वेळ समुद्राकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "आगरदांड्याची फेरीबोट दिसते. दुसरं काय दिसनार." आणि बसत बसत खाली आलीस, सारवण मोडू न देता. बैलाच्या घाण्यात दळलेला चुना, त्यात गुळाचं पाणी, त्याचा आंबूस गोड वास किती दिवस गावात भरून राहिला होता. तो वास अजून कुठे आला तर मी थांबते.

आता त्या दुपारचं सांगते, जी मी त्या इंजिनिअरला अर्धीच सांगितली.

चुना पिकायला ठेवलेला असताना शाळेतले गुरुजी नावं घ्यायला आले. काळ्या दगडांच्या कड्यात घराघराच्या हिशोबाने दगड बसवले होते, ज्या ज्या घरातला माणूस परत आला नव्हता त्या प्रत्येक घराचा एक. त्यावर नाव कोरायचं. ज्या घरात दीर होते, मुलगे होते, त्यांनी येऊन नावं सांगितली. पण आपल्या वाड्यातल्या कितीतरी घरांत फक्त बायाच उरल्या होत्या. गुरुजी कमानीच्या सावलीत बसले आणि पहिल्या बाईला विचारलं, "वहिनी, यजमानांचं नाव?" ती लाजून गप्प. दुसरी पदर चावत गप्प. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने कसं घ्यायचं? लग्नाच्या उखाण्यात घेतलं ते तेवढंच. गुरुजी घाटावरचे, त्यांना आधी कळेचना. मग कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, तुम्ही नाव सांगितलं नाही तर मी दगडावर काय लिहू, बायकोला लाज वाटते म्हणून?" तेव्हा तू पाटी खाली ठेवलीस आणि पुढे झालीस. "गुर्जी, मी सांगते," म्हणालीस. एकेक बाई येऊन तुझ्या बाजूला उभी राहायची आणि तू तिच्या नवऱ्याचं नाव सांगायचीस, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आपलं घर बंदरावर पहिलंच. मुंबईला जाणारा प्रत्येक माणूस आपल्या दारावरून गेलेला, आणि कितीकांना तू सुकटीच्या चटणीची पुरचुंडी बांधून दिलेली. मोहल्ल्यातली एक म्हातारी आली, तिच्याही मुलाचं नाव तूच सांगितलंस, कारण तिला हुंदक्याने बोलता येईना. त्या कड्यातली निम्मीअर्धी नावं तुझ्या तोंडून उतरली आहेत, आये. हे त्या इंजिनिअरला मी ठासून सांगितलं.

मग शेवटी गुरुजी म्हणाले, "आणि तुमचं कोण?" तू म्हणालीस, "आमचं कोन न्हाय." शेजारीण पुढे झाली. जिच्या नवऱ्याचं नाव तू आत्ताच सांगितलं होतंस तीच आपली शेजारीण, तुझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं रास्तच होतं, तिला तुझी परतफेड करायची होती. तिने तोंड उघडलं आणि तू नुसतं तिच्याकडे बघितलंस. तिने तोंड मिटलं. गुरुजी हुशार, ते माझ्याकडे वळले. मी शिकलेली, वयात आलेली मुलगी. बापाचं नाव घ्यायला मुलीला काही आडकाठी नसते. "बाळ, तू सांग." आये, नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. शाळेच्या हजेरीत रोज माझ्या नावापुढे तेच तर यायचं. गुरुजींनाही ते ठाऊक होतं, त्यांनीच ते हजेरीत लिहिलेलं. म्हणजे ते विचारत होते ते नाव नव्हतंच, ते विचारत होते कोरू का. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, पाटीची चुंबळ सोडून पुन्हा वळत होतीस. मी म्हटलं, "आये सांगेल तेव्हा सांगेन." गुरुजींनी मान हलवली आणि लेखणी खिशाला लावली.

संध्याकाळी चुलीशी मी तुला छेडलंच. तू बोंबील भाजत होतीस. मी म्हटलं, आये, बापूस येणार आहे असं तुला अजून वाटतं? माझा आवाज वरचा लागला होता. वाड्यात मला पोरी विचारायच्या, तुझा बापूस आहे की नाही, आणि मला धड एकही उत्तर देता यायचं नाही. तू बोंबील परतलास, राख झटकलीस. मग म्हणालीस, "त्यो मेलाय. म्या काय येडी हाय? बोट बुडाली त्याच साली मला ठाव झालं. पन मला कुनी येऊन सांगितलं न्हाय गो." आपल्याकडे होडी बुडाली तर वाचलेला तांडेल, होडीचा म्होरक्या, आधी त्या घरच्या दारात येतो. भिजलेला असला तरी, रात्र असली तरी. तो दारात उभा राहून सांगतो, तेव्हा बाई कपाळ पुसते. त्याच्या आधी नाही. साऱ्या गावाला कळलं तरी नाही. "त्या बोटीचा कप्तान कोन, कुठला, मला म्हाईत न्हाय. हापिसातून कागुद आला, त्यो मास्तरनं वाचला. कागदाला कुनी मानूस म्हनतो काय? आनि आता दगडाकडनं ऐकू?" एवढं बोलून तू बोंबील माझ्या ताटात टाकलास. "खा. आनि पुन्यांदा मला इचारू नको." आयुष्यात तू मला दटावलंस ते बहुतेक विसरले, हे नाही विसरले. तुझ्या आवाजात राग नव्हता. मला तेव्हा फार एकटं वाटलं, आणि तुझा अभिमानही वाटला, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते कळायला पुढे स्वतःचा संसार व्हावा लागला.

गुरुजींनी मिस्त्रीला सांगितलं असावं की एक नाव कमी झालं, तेवढा दगड काढता येईल का. मिस्त्री आपल्या ओटीवर पाणी प्यायला आला होता, तेव्हा त्यानेच तुला सांगितलं. "काढता यायचा न्हाय बाय. कड्यातला एक दगड काढला तर वरचं समदं खाली येल. ऱ्हाऊ दे बिनानावाचा. नाव असलं काय, नसलं काय, त्याच्यावर भार सारखाच हाय." तू त्याला दुसरा तांब्या भरून दिलास, आणि तो निघाला तेव्हा घरात होते नव्हते ते सुके बोंबील त्याच्या फडक्यात बांधून दिलेस.

सारवणावर चुना-दगडाचा घुमट चढला, वाळला, आणि शिमग्याच्या आधी तो आतून रिकामा केला. कमानींतले चिरे काढायला लागले तशी रेती आपणहून बाहेर यायला लागली. सगळा गाव लांब उभा. वरचा घुमट आता कशावरही टेकलेला नाही, नुसता आपल्या कड्यावर उभा आहे, हे सगळ्यांना कळत होतं. उरली रेती गड्यांनी ओढून काढली, मग मिस्त्री एकटाच आत गेला आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला, बायकोची वाट बघणाऱ्या माणसासारखा. काही पडलं नाही. मग तुम्ही बाया आत धावलात. मान वर केलीत. तुमच्या हातांचं सारवण चुन्यात उमटलं होतं, उलटं होऊन, डोक्यावर. आधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं होणार म्हणून, मिस्त्रीच्याही नाही. मग एकेक जण आपला हात ओळखायला लागली. "ही माजी रेघ." "तुजी कसली, तुजी वाकडी हाय, ती बघ तिथं." मिस्त्रीला वरून गिलावा करून सगळं गुळगुळीत करायचं होतं, बायांनी करू दिलं नाही. शेवटी नुसती सफेदी मारायचं ठरलं. वासा काढून घेतला त्या जागी भोक राहिलं, त्याला काच बसवली. त्या भोकाभोवतीच्या घाईघाईच्या आखूड रेघा तुझ्या. मला एवढ्या वर्षांनीही चटकन सापडल्या. त्या दिवशी बाहेर काढलेल्या रेतीतली एक पाटी तू घरी आणलीस आणि रांजणाखाली पसरलीस. पुढे कितीतरी उन्हाळे त्या रेतीवरच्या रांजणाचं पाणी आपण प्यायलो.

माझ्या लग्नात तू कुंकू लावून, हिरवा चुडा भरून मिरवलीस. कोणी मागे कुजबुजलं असेल, पुढे येऊन बोलायची छाती कोणाची झाली नाही. आणि मग तुझं शेवटचं वर्ष आलं. मी तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आले तेव्हा तू तापाने फणफणली होतीस, आणि दोन-चार दिवसांत संपलीस. तुला न्हाऊ घालायच्या वेळी काका, गुरुजींनी नावं घेतली तेव्हा मुंबईला बोटीवर असलेले, ओटीवरून म्हणाले, पांढरं लुगडं काढा. बरोबरच होतं त्यांचं, एवढ्या वर्षांत त्यांना त्यांचा भाऊ जिवंत आहे असं कसं वाटणार? बाया थबकल्या. कोणी माझ्याकडे बघायला लागलं. तेव्हा शेजारीण उठली, दारात आली आणि काकांना म्हणाली, "घुमटात जाऊन बघून या. आमच्या समद्यांच्या दादल्यांची नावं हिच्या तोंडातून निघाली. हिच्या दादल्याचं नाव तिथं हाय काय? न्हाय ना? मंग ही सवाशीण हाय. हिरवं लुगडं आना, चुडा आना." मग काकांनीच मुलाला दुकानात पिटाळलं. तुझी मळवट भरून पाठवणी झाली, आये. कपाळभर कुंकू. त्या दिवशी मी रडले ते दुःखाने, पण थोडं समाधानानेही, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

हे सगळं मी इंजिनिअरला सांगितलं नाही. त्याला सारवण सांगितलं, रेती सांगितली, गुरुजींची फजिती सांगितली, तो हसला. सारवण तसंच ठेवतो, वरून रंग मारत नाही, असं त्याने आपणहून कबूल केलं. मग कड्याकडे बोट करून म्हणाला, "आजी, एक दगड कोरा राहिलाय. बरा दिसत नाही. कोरणारा माणूस उद्या येतोय, बाकीची नावं पुसट झालीत ती उजळायची आहेत, त्याच्याबरोबर हेही करून टाकतो. लोक म्हणतात तुमच्या घरातलंच नाव राहिलंय. काय होतं?" आवाज चढवून विचारलं त्याने, त्यामुळे घुमटभर घुमलं. काय होतं, काय होतं. मनाने चांगला आहे पोरगा. त्याला वाटलं, म्हातारीवर उपकार करतो आहोत. माझ्या बापाचं नाव कोरलं जाणार, मला आनंद होईल. आणि खरं सांगते, क्षणभर झालाही. तो माणूसही कोणाचा तरी मुलगा होता, आगीपाशी राबला, बुडाला; त्याच्या नावाची गावात कुठेच खूण नाही. त्याच्यावर अन्याय होतो आहे, हे माझ्या मनात आधीही आलं होतं. मी तोंड उघडलं. वर तुझ्या हाताच्या रेघा होत्या. आणि माझ्या मनात आलं, उद्या तो माणूस छिन्नी घेऊन येईल, ठकठक करेल, आणि संध्याकाळपर्यंत मी तुला विधवा करून टाकलेलं असेल. इतक्या वर्षांनी, तू गेल्यावर, तुझा हिरवा चुडा उतरवून. तांडेल अजून दारात आलेला नाही, आये. या पोराला तांडेल कसं म्हणू?

म्हटलं, "आठवत नाही रे बाळा. वय झालं."

त्याने लगेच विश्वास ठेवला. म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग. त्याचं तोंड उतरलं, त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "असू दे आजी. राहू दे तसाच." मजुराला सांगून त्याने तो दगड ओल्या फडक्याने पुसून घेतला. काळाभोर निघाला, इतर दगडांपेक्षा जास्त चकचकीत, कारण त्याला कधी छिन्नी लागलीच नाही.

हे पत्र कुठे टाकणार? पूर्वी मुंबईहून तुझ्या भावाची पत्रं आली की मी तुला वाचून दाखवायचे, तू मासळी साफ करता करता ऐकायचीस. तसंच आत्ता हे लिहून झालं आणि स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचून काढलं, सून विचारते आहे कोणाशी बोलताय. वाचताना एक ध्यानात आलं. एवढी पानं भरली, त्या दुपारी तू सांगितलेल्या सगळ्यांबद्दल लिहिलं, बापसाबद्दल लिहिलं, आणि त्याचं नाव मी कुठेच घातलेलं नाही. ठरवून नाही. हात तिथे आला की आपणहून वळायचा. इंजिनिअरला सांगितलं ते खोटं होतं, आये. नाव मला आठवतं, आजोबांच्या नावासकट.